उतारावर लावलेली गाडी

दिगू, आज गाडी पहिल्या चावीला सुरू झाली.

चावी फिरवली, तो हीटरचा पिवळा दिवा पेटला, मनात चार आकडे मोजेपर्यंत विझला आणि पुढच्या झटक्याला बेगमसाहेबा अशा गुरगुरल्या, की जणू त्यांना कधी काही झालंच नव्हतं. धूर नाही, खोकला नाही, बॅटरीचं रडगाणं नाही. शैलाला नांदेडला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘बरं झालं एकदाचं.’’ तिचं काही चुकलं नाही. गाडी सुरू झाली यात बायकोला फोन करून सांगण्यासारखं काय आहे? ते फक्त तुला सांगण्यासारखं होतं, आणि तुला जाऊन आज सतरा दिवस झाले.

शाळेतल्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं होतं. मी मराठीचा मास्तर, बोलणं हा माझा धंदा. ‘दिगंबर सर हे आमच्या शाळेचे विज्ञानाचे...’ एवढं म्हणालो आणि खाली बसलो. मग बाकीचे बोलले. मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, शांत स्वभावाचे. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, शांत? हा माणूस? याने चार हीटर प्लगवरून माझ्याशी अख्खा एक हिवाळा भांडण केलंय. जिंतूर ते बोरी, जाताना आणि येताना.

आठवतं ना, सुरुवात कशी झाली? गाडी मी परभणीहून जुनी घेतली होती. पहिल्याच थंडीत ती सकाळी उठेना. नुसतीच घरघर करायची आणि पांढरा धूर सोडायची. तू बॉनेट उघडून आत डोकं घातलंस आणि आठवीच्या वर्गात शिकवावं तसं मला शिकवलंस. ‘‘डिझेलच्या इंजनात ठिणगी नसती, मन्या. हवा दाबून दाबून तापती आन् त्या तापानं डिझेल पेटतं. पण थंडीत लोखंडच गारठलेलं. म्हणून आत ह्या बोटायेवढ्या कांड्या असत्यात. त्या आधी लाल व्हत्यात, जागा ऊबदार करत्यात, मग बाईसाहेब उठत्यात. चार सिलिंडर, चार कांड्या. तुझ्या बेगमच्या दोन मेल्यात. अंगावरून वारं गेलेलं माणूस उठंल का सकाळी टुणकन?’’

बेगम हे नाव तेव्हापासून पडलं. मी म्हणालो, या रविवारी रशीदभाईच्या गॅरेजात नेतो. तू म्हणालास, नेच. मी रविवारी झोपलो. पुढच्या रविवारीही झोपलो. सोमवारी तू काडेपेटी माझ्या टेबलावर आणून ठेवलीस आणि म्हणालास, ‘‘घे, इंजनात टाक. तेवढीच ऊब.’’ स्टाफरूममध्ये सगळे हसले. मला राग आला, आणि राग आला की माणूस मुद्दाम आळशी होतो.

मग तो उताराचा शोध तूच लावलास. तुझं घर टेकाडावर, दारापुढे दहा-बारा पावलं सपाट आणि मग थेट लिंबाच्या झाडापर्यंत उतार. रात्रभर गाडी तुझ्या दारात ठेवायची. सकाळी मी चालत यायचं, तू सपाटीवर ढकलायचं, उतार लागला की मी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. तुला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून ढकलणं कायम तुझ्याकडे आलं. यात कधी पाळीपाळी झाली नाही. हे वाक्य मी गेले सतरा दिवस मनात लिहितोय. यात कधी पाळीपाळी झाली नाही, दिगू.

परभणीची थंडी काही गंमत नाही. बाहेरच्याला वाटतं मराठवाडा म्हणजे नुसतं ऊन. पौषात सकाळी तुझ्या हाताची बोटं त्या गार पत्र्यावर बधिर व्हायची. तू कानाला मफलर गुंडाळून मागे उभा राहायचास आणि आपल्याकडची ती म्हण अर्धी ओरडायचास, ‘‘बनी तो बनी!’’ मी खिडकीतून ओरडायचो, ‘‘नहीं तो परभणी!’’ आणि क्लच सोडायचो. लिंबापाशी गाडी एक गचका खायची आणि लागायची. मागे एवढा धूर व्हायचा, की तू त्यात दिसेनासा व्हायचास. मग त्या धुरातून खोकत, शिव्या देत, मफलर झटकत बाहेर यायचास. मी आरशात ते बघायचो. रोज बघायचो, आणि रोज हसायचो.

पण गाडी ढकलण्याआधी काय असायचं, ते शोकसभेत कोणाला माहीत नव्हतं. सव्वासहाला मी तुझ्या ओट्यावर. कुंदावहिनींचा आलं घातलेला चहा, त्यात तू बुडवलेली शिळी भाकरी, आणि एकच वर्तमानपत्र दोघांत. पहिलं पान कोणाचं, यावरून भांडण. शैलाची बदली नांदेडला होऊन चार वर्षं झाली होती. ती शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळी जायची. बाकी पाच दिवस घरात मी आणि भिंती. मला घरी चहा करता येत नाही असं नाही. एकट्यासाठी गॅस पेटवावासा वाटत नाही, एवढंच.

आता जे लिहितोय ते तू हयात असताना बोलायला हवं होतं.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी मी प्रशिक्षणाला परभणीला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत एका स्पेअर पार्टच्या दुकानात शिरलो आणि चारही हीटर प्लग घेतले. नवे कोरे. खुशीत परत आलो. उद्या सकाळी दिग्याच्या पुढ्यात डबा आपटायचा आणि म्हणायचं, घे, आता ओरड. आणि त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, की प्लग बसले की गाडी माझ्या दारात उभी राहणार. सकाळी माझ्याच दारातून निघणार. मी तुझ्या घरापुढे हॉर्न वाजवणार आणि तू तयार होऊन बाहेर येणार. ओटा नाही, चहा नाही, पहिलं पान नाही. पन्नाशीचा माणूस मी, चहासाठी चोरी केली. डबा डिकीत स्टेपनीखाली सरकवला आणि वर फडकं टाकलं. थंडी संपली, गाडी आपोआप सुरू व्हायला लागली, तरी सवयीने ती तुझ्याच दारात राहिली. विषय संपला असं मी धरून चाललो.

भादव्यात येलदरीचं धरण भरलं म्हणून आपण तिघे बघायला गेलो. येताना रस्त्यात चाक बसलं. नेमका तेव्हाच शैलाचा फोन आला आणि तिथे धड रेंज नाही, म्हणून मी बोलत बोलत लांब बांधावर गेलो. परत येऊन बघतो तर तू स्टेपनी काढून चाक बदललेलंसुद्धा होतंस. मी आधी डिकीकडे बघितलं. तू शीळ घालत सदऱ्याला हात पुसत होतास. वहिनी चिडल्या, ‘‘सदऱ्याला काय पुसायलात? सकाळी रुमाल दिला व्हता नं धुतलेला?’’ तू म्हणालास, ‘‘हरवला.’’ मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर काहीच नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकला, याला काही दिसलं नाही म्हणून. नंतर पंक्चर काढून चाक परत जागेवर ठेवलं, तेही तूच.

या वर्षी थंडी आली आणि बेगम परत अडली. मी तुझ्या बोलण्याची वाट बघत होतो. काडेपेटी येईल, टोमणा येईल. तू बोललाच नाहीस. गुपचूप मफलर गुंडाळलास आणि मागे जाऊन उभा राहिलास. मला वाटलं, थकला बोलून बोलून. मला बरंच वाटलं.

आणि मग तो मंगळवार. तू ‘बनी तो बनी’ म्हणाला नाहीस. मी वाट बघितली, आरशात बघितलं, तर तू डिकीवर दोन्ही हात टेकून खाली मान घालून उभा. मी उतरून आलो. तुझ्या कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत. तू छातीच्या मध्ये मूठ धरली होतीस. ‘‘ॲसिडिटी हाय,’’ म्हणालास, ‘‘रातची भजी.’’ मी म्हणालो, डॉक्टरकडे जाऊ. तू म्हणालास, ‘‘येड लागलंय का? पहिला तास माझा हाय. आन् हे बघ मन्या, कुंदाला सांगू नको. ती उगं घर डोक्यावर घेईल.’’ पाच मिनिटं आपण पायरीवर बसलो. मग तू उठलास, परत मागे गेलास आणि ढकललंस.

मी तुला ढकलू दिलं.

डबा चार हातांवर होता रे. त्या दिवशी शाळा बुडवून रशीदभाईला बोलावलं असतं तर तासाभरात काम झालं असतं. बोरीच्या रस्त्यावर मी तीनदा तोंड उघडलं. तीनदा वाटलं, सांगितलं तर हा विचारेल, वर्षभर लपवलं का? आणि त्याचं उत्तर मला देता येईना. पुढे मेंढरांचा कळप आडवा आला, तू काच खाली करून धनगराशी बोलायला लागलास, आणि मी गप्प बसलो. बुधवारी सकाळी तू परत ओरडलास, ‘‘बनी तो बनी!’’ आवाज चांगला खणखणीत होता. मी स्वतःला सांगितलं, भजीच असतील.

त्यानंतर तू बारा दिवस जगलास. मी मोजलेत. त्यातले दहा दिवस तू गाडी ढकललीस.

गेलास मात्र रविवारी, ओट्यावर, उन्हाला बसून, पहिलं पान हातात धरून. त्या दिवशी पान पूर्ण तुझंच होतं, मी घरी झोपलो होतो. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तवाहिन्या फार आधीपासून भरत आल्या होत्या. मी त्यांना बाजूला गाठलं आणि विचारलं, रोज सकाळी थंडीत गाडी ढकलली तर...? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘असं नेमकं सांगता येत नाही हो सर.’’ म्हणजे हो की नाही? तू असतास तर सांगितलं असतंस. पुराव्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असं काहीतरी म्हणाला असतास, आणि मी म्हणालो असतो, तुझं विज्ञान घाल चुलीत.

सतरा दिवस गाडी तुझ्या दारात उभी होती. चौदाव्यापर्यंत कोणाला तिचं भान नव्हतं. वर धूळ साचली, काचेवर पाखरांनी शिटून ठेवलं. आज सकाळी वहिनींचा निरोप आला, ‘‘भाऊजी, गाडी न्या. दार उघडलं की ती दिसती, आन् वाटतं हे मागंच हायेत.’’

मी आलो. शेजारचे दोघे तिघे धक्का मारायला पुढे झाले. मी त्यांच्यावर खेकसलो. म्हणालो, हात लावू नका. नंतर वाईट वाटलं, बिचारे मदतीलाच आले होते. रशीदभाईला फोन केला, म्हणालो इथेच या, हीटर बदलायचेत. आणि डबा काढायला डिकी उघडली.

स्टेपनी उचलली. माझं फडकं नव्हतं, दिगू. डबा पांढऱ्या रुमालात बांधलेला होता. चारी कोपरे घेऊन, तुझ्या त्या नेहमीच्या दोन गाठी मारून, तू प्रयोगशाळेतल्या काचनळ्या बांधून ठेवायचास तसा. कोपऱ्यावर हिरव्या दोऱ्याने ‘दि’ काढलेला. मी तिथेच मातीत बसलो.

रशीदभाईंनी डबा उघडला. एकेक प्लग बाहेर काढून उन्हात धरला. म्हणाले, ‘‘सर, लय हिफाजतसे रखे हैं तुमी. आट्यांना ग्रीस लावून ठेवलंय. न्हाई तर डिकीत पावसाळाभर राहून गंज धरला असता. ह्ये कोणी सांगितलं तुमाला?’’ येलदरीच्या रस्त्यावर, मी बांधावर फोनवर बोलत असताना, तू जॅकचं ग्रीस बोटावर घेऊन माझी चोरी जपून ठेवत होतास. ती गंजू नये म्हणून.

म्हणजे तुला माहीत होतं. म्हणून तू यंदा टोमणा मारला नाहीस. माहीत असून त्या मंगळवारी उठून परत मागे गेलास. अरे गाढवा, एक शब्द बोलायचा होतास. ‘मन्या, डबा काढ’, एवढंच. मी लाजलो असतो, दोन दिवस तोंड लपवलं असतं, तिसऱ्या दिवशी चहाला आलो असतो. तुला माझी लाज जपायची काय गरज होती? मला तुझा एवढा राग आलाय, की तू समोर असतास तर गचांडी धरली असती. आणि तू समोर असतास तर मी ती धरलीच नसती, हेही मला ठाऊक आहे.

रशीदभाईंनी जुने चार काढले आणि मला दाखवायला एकेक बॅटरीला लावले. दोन काळेच राहिले. तिसरा धुमसल्यासारखा झाला आणि थांबला. चौथा टोकाशी लालभडक झाला. ‘‘ये एकटाच वढायलता इतके दिवस,’’ ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

वहिनी बाहेर आल्या तेव्हा रुमाल माझ्या मांडीवर होता. त्यांनी तो उचलला, कोपरा बघितला. ‘‘ह्यो कुठं सापडला? पावसाळ्यापासून हुडकायलेय मी.’’

मी सगळं सांगितलं. डबा, चहा, येलदरी. त्या ऐकत होत्या, रुमालाची घडी करत होत्या, उलगडत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘‘चहासाठी? गाडी दारात नसती तरी चहा दिला असता की, भाऊजी. तुमी दोघंबी येडेच.’’ आणि त्या हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या, दिगू. मला तिथे थांबता आलं असतं. सगळं गोड झालं होतं, त्यांनी मला माफ केलं होतं. उरलेलं कोणालाही कधीच कळलं नसतं. तू सांगू नको म्हणाला होतास, तो शब्दही पाळला गेला असता.

पण मला ते जमलं नाही. मी मंगळवारचंही सांगितलं. घाम, मूठ, पायरी, ‘कुंदाला सांगू नको’. आणि नंतर दहा दिवस मी ढकलू दिलं, तेही.

त्यांचं हसू कुठे गेलं ते कळलंच नाही. त्या गाडीकडे वळल्या. मग म्हणाल्या, ‘‘बारा दिवस व्हते माझ्याकडं. मला न्हाई कळू दिले.’’ एवढंच. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रुमाल मुठीत धरला आणि आत गेल्या. दार लोटलं.

तुझा शब्द मी मोडला, त्याबद्दल तू काय म्हणशील माहीत नाही. आपलं हे भांडण आता कधीच संपणार नाही.

रशीदभाई सामान आवरून गेले. मी गाडीत बसलो. पिवळा दिवा पेटला, विझला, गाडी लागली. पहिल्या चावीला. मी तसाच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून, कारण निघायचं कसं ते सुचेना. मागे कोणी नसताना मी त्या दारातून कधी निघालोच नव्हतो. तिथूनच शैलाला तो फोन केला.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. वहिनी होत्या. डोळे लाल, आवाज कोरडा. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘उद्या सकाळी या. चहा ठेवते. पण गाडी आणू नका. चालत या.’’

मी मान हलवली. त्या आत गेल्या. मी पहिला गिअर टाकला. सपाटीवरची दहा-बारा पावलं गाडी स्वतःच्या पायांनी चालली. उतार लागला. आरशात तुझं दार दिसत होतं, स्वच्छ, धुराचा ठिपका नाही. लिंबापाशी पोचलो आणि तोंडातून आपोआप निघालं, ‘‘नहीं तो परभणी.’’

आधीचं कोणी म्हणालंच नव्हतं.